सहाबारी : एका यंत्राची कहाणी आणि तिची जपणूक



दसऱ्याच्या दिवशी आपल्याकडे नांगराला, औताला, सुताराच्या वाकसाला आणि पोरांच्या पाटीला हळदकुंकू लागते. तसेच ते कोठे कोठे एखाद्या जुन्या तलवारीला, भाल्याला किंवा ठासणीच्या बंदुकीलाही लागते. तो एक दिवस सरला की हत्यार पुन्हा माळ्यावर जाते. पावसाळ्यात त्याला गंज चढतो, मूठ सैल होते. मग घरातला एखादा हौशी मुलगा काचकागद घेऊन बसतो आणि ते हत्यार लख्ख 'नवे' करून टाकतो. घरचे लोक कौतुक करतात. त्या घासण्यात काय काय निघून गेले, हे मात्र कोणी विचारत नाही.

आज मी आपल्याशी अशाच एका हत्याराविषयी बोलणार आहे. ते आपल्या मातीतले नाही, साता समुद्रापलीकडून आलेले आहे. परंतु आपल्या इतिहासात ते दोन्ही बाजूंच्या हातांत दिसते : राज्य करणाऱ्यांच्या आणि त्या राज्यावर उठलेल्यांच्याही. हे हत्यार म्हणजे रिव्हॉल्व्हर. जुन्या मराठी पुस्तकांतली 'सहाबारी'. जगात हजारो माणसे जुनी रिव्हॉल्व्हरे जमवतात, ती निगुतीने राखतात, त्यांची पारख करतात. ही माणसे नेमके काय जपतात, कसे जपतात, आणि त्यातून आपल्यासारख्या खेड्यातल्या शिक्षकाने व शेतकऱ्याने काय घ्यावे, एवढाच माझा आजचा विषय.

आधी शब्दाचा उलगडा करू. आपण बोलताना पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हर यांत फरक करीत नाही. पण रिव्हॉल्व्हर म्हणजे ज्यात गोळ्यांचे नळकांडे गरगर फिरते ते. आतापर्यंतच्या सगळ्या गोष्टीचे मर्म त्या फिरण्यात आहे.

ठासणीची बंदूक कशी चालते ते आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक असेल. नळीत दारू ओतायची, गोळी घालायची, गजाने ठासायची, मग चाप ओढायचा. एक बार झाला की पुन्हा सगळे पहिल्यापासून. सरावाचा शिपाईसुद्धा मिनिटाला दोनतीनच बार काढी. तेवढ्या वेळात घोडेस्वार अंगावर येई. तेव्हा एकदा भरून अनेक बार काढता येतील असे हत्यार हवे, हे स्वप्न फार जुने आहे. युरोपात आणि आपल्या हिंदुस्थानातही तशा फिरत्या कोठ्यांच्या बंदुका कारागिरांनी पूर्वीच घडवल्या होत्या. परंतु त्या महाग, नाजूक, आणि भरवशाच्या नव्हत्या.

आता गंमत पाहा. ज्या माणसाने हे स्वप्न व्यवहारात आणले, त्याच्या कथेत आपले कलकत्ता येते. सॅम्युएल कोल्ट हा अमेरिकेतल्या हार्टफर्ड गावचा. जन्म १८१४ चा. सोळा वर्षांचा असताना, १८३० साली, तो 'कॉर्व्हो' नावाच्या जहाजावर खलाशी म्हणून चढला, आणि ते जहाज बोस्टनहून निघाले ते कलकत्त्याला. या प्रवासात जहाजावरचे एक फिरते चाक पाहून त्याला कल्पना सुचली आणि त्याने लाकडात नमुना कोरला, असे त्याच्या चरित्रांत सांगितलेले असते. सुकाणूचे चाक फिरते, पण हव्या त्या जागी त्याला अडवताही येते. फिरणे आणि अडणे, या दोन्हींची सांगड घातली की काम झाले!

त्याची रचना समजायला अवघड नाही. विहिरीवरचा रहाट डोळ्यांपुढे आणा. रिव्हॉल्व्हरच्या नळकांड्यात पाच-सहा कोठ्या असतात, जशी रहाटाला पोहऱ्यांची माळ. अंगठ्याने घोडा मागे ओढला की आतला एक खटका नळकांड्याच्या मागच्या दात्यांना ढकलतो आणि नळकांडे एक घर पुढे सरकते. त्याच क्षणी खालून दुसरी खुंटी वर येते आणि खाचेत बसून त्याला घट्ट धरते. आता कोठी आणि नळी बरोबर एका रेषेत आली. चाप ओढला की घोडा पडतो आणि बार होतो. ही रेषा केसभर चुकली तर गोळी नळीच्या कडेवर आपटते. म्हणून जुन्या रिव्हॉल्व्हरचा पारखी प्रथम नळीची चकाकी पाहत नाही. घोडा हळूच ओढून तो खुंटी नेमकी बसते की नाही, नळकांडे डगमगते की काय, हे पाहतो. बैल घेताना आपणही झूल पाहत नाही, दात आणि खूर पाहतो, तसेच हे.

कोल्टने १८३५ साली इंग्लंडात आणि १८३६ साली अमेरिकेत आपल्या युक्तीचे हक्क नोंदवले. पॅटर्सन गावी कारखाना काढला. तो १८४२ पर्यंत बुडाला. पण टेक्सास प्रांतातल्या सरहद्दीवरील घोडेस्वारांनी ही हत्यारे वापरली होती. त्यांच्यापैकी कॅप्टन सॅम्युएल वॉकर याने कोल्टशी पत्रव्यवहार केला, सुधारणा सुचवल्या, आणि १८४७ साली मेक्सिकोशी चाललेल्या लढाईसाठी सरकारने एक हजार रिव्हॉल्व्हरे मागवली. ते धूड सुमारे दोन किलो वजनाचे होते! कोल्टचे नशीब त्यावर उघडले. वॉकर मात्र त्याच वर्षी ऑक्टोबरात लढाईत मारला गेला.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. या हत्याराचा पहिला मोठा उपयोग टेक्सासच्या माळरानावर कोमांची लोकांविरुद्ध झाला. ते तिथले मूळचे रहिवासी, पट्टीचे घोडेस्वार. गोऱ्या स्वाराचा एक बार झाला की तो बंदूक भरीपर्यंत ते बाणांचा वर्षाव करीत. १८४४ पासून हे गणित उलटले. एका बाजूच्या लोकांनी ज्याला प्रगती म्हटले, ते दुसऱ्या बाजूच्या लोकांना आपल्या भूमीवरून हुसकावणारे साधन होते. जुन्या रिव्हॉल्व्हरचे कौतुक करताना ही दुसरी बाजू ज्याच्या ध्यानात राहत नाही, त्याचे कौतुक अर्धेच म्हणायचे.

कोल्टचे खरे कर्तृत्व हत्यारापेक्षा कारखान्यात आहे. यंत्रांनी एकसारखे भाग काढायचे आणि ते जोडायचे, ही पद्धत त्याने पुष्कळ पुढे नेली. १८५१ साली लंडनमध्ये भरलेल्या मोठ्या जागतिक प्रदर्शनात त्याने आपली शेकडो हत्यारे मांडली. १८५३ साली तर लंडनमध्येच कारखाना उघडला. पुढल्या वर्षी ब्रिटिश पार्लमेंटच्या समितीपुढे त्याची साक्ष झाली. पिढ्यान् पिढ्या हाताने बंदुका घडवणाऱ्या इंग्रज कारागिरांना हा मोठा धक्का होता. पण आतली गोष्ट वेगळीच होती. कोल्टचे भाग यंत्रातून निघत खरे, तरी ते एकमेकांत चपखल बसवायला शेवटी कानस आणि माणसाचा हात लागे. म्हणून एका रिव्हॉल्व्हरच्या निरनिराळ्या भागांवर एकच क्रमांक ठोकीत. एकाचा भाग दुसऱ्यात जाऊ नये, एवढाच त्यामागे हेतू.

त्या साध्या क्रमांकांना आज केवढे मोल आले आहे! सांगाडा, नळी, नळकांडे यांवरचे आकडे जुळले, तर हे हत्यार कारखान्यातून निघाले तसेच आपल्यापर्यंत आले, असे पारखी मानतात. आकडे जुळले नाहीत, तर मध्ये कोणी तरी भाग बदलला. आकडा घासून काढलेला असेल, तर मात्र मामला संशयाचा. जमिनीच्या सातबाऱ्यावर खाडाखोड दिसली की आपण जसे सावध होतो, तसे.

इंग्रजांनीही आपले रिव्हॉल्व्हर काढले. रॉबर्ट अॅडम्सने १८५१ साली असे हत्यार केले की चाप ओढताच घोडा आपोआप उठून पडे, अंगठ्याचे काम नाही. १८५६ साली ब्यूमाँट नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने त्यात सुधारणा केली, त्यामुळे अंगठ्यानेही घोडा ओढता येऊ लागला. १८५७ च्या उठावात इंग्रज अधिकाऱ्यांच्या कमरेला कोल्ट आणि अॅडम्स या दोन्ही जातींची हत्यारे होती.

यानंतर धातूचे काडतूस आले. रोलिन व्हाइट याने १८५५ साली आरपार छिद्राच्या नळकांड्याचा हक्क नोंदवला. मागून काडतूस घालण्याची सोय त्यात होती. स्मिथ आणि वेसन या जोडीने तो हक्क घेतला आणि १८५७ पासून तशी रिव्हॉल्व्हरे विकली. व्हाइटला दर नगामागे पाव डॉलर मिळे. पण करारात एक मेख होती : नक्कल करणाऱ्यांवर खटले भरायचे ते व्हाइटने, स्वतःच्या खर्चाने. नक्कल करणारे पुष्कळ निघाले. खटल्यांत त्याचा पैसा गेला. १८६९ साली हक्काची मुदत संपली. ती वाढवून मिळावी म्हणून त्याने धडपड केली, तर १८७० साली अध्यक्ष ग्रँट यांनी तो कायदा नामंजूर केला. शोध एकाचा, धंदा दुसऱ्याचा! पुढे १८७३ मध्ये कोल्ट कंपनीने प्रसिद्ध एकेरी चालीचे लष्करी रिव्हॉल्व्हर काढले. १८८७ मध्ये ब्रिटिश सैन्याने बर्मिंगहॅमच्या वेब्ली कारखान्याचे रिव्हॉल्व्हर स्वीकारले. ते बिजागरीवर मोडून उघडते आणि उघडताच रिकामी काडतुसे आपण होऊन वर उचलली जातात. त्याच घराण्यातली मोडती बिजागरीची, पॉइंट बत्तीस मापाची रिव्हॉल्व्हरे स्वतंत्र भारतात कानपूरच्या सरकारी कारखान्यात तयार होऊ लागली.

आता आपल्या देशाकडे वळू. १८७८ साली लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीत शस्त्रांचा कायदा झाला. हिंदी माणसाला परवान्याशिवाय हत्यार बाळगता येईना; युरोपियनांना मात्र नियमांतून सूट मिळाली. हत्यारापेक्षा हा अपमान लोकांना जास्त लागला. १८८७ च्या मद्रास काँग्रेसमध्ये या कायद्याविरुद्ध ठराव झाला. १९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांच्या यादीत नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क घातला. घटना समितीत १९४८ साली ह. वि. कामत यांनी तशी दुरुस्ती मांडली, ती मान्य झाली नाही. डॉ. आंबेडकरांचे म्हणणे असे पडले की, सरसकट हक्क दिला तर तो गुन्हेगारालाही द्यावा लागेल. अपमानातून जन्मलेली मागणी आणि राज्य चालवण्याची जबाबदारी, या दोन्ही गोष्टी त्या वादात समोरासमोर आल्या होत्या. वर्गात हा प्रश्न मुलांपुढे ठेवून पाहा. वरच्या इयत्तांतली मुले त्यावर मनापासून भांडतात.

हेच रिव्हॉल्व्हर आपल्या तरुणांच्याही हाती गेले. सोलापूरच्या लष्करी कायद्यानंतर १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे या चौघांना फाशी झाली. त्याच वर्षी २२ जुलैला पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात वासुदेव बळवंत गोगटे या विद्यार्थ्याने हंगामी गव्हर्नर हॉटसन यांच्यावर गोळी झाडली. हॉटसन वाचले. पुढे १३ मार्च १९४० रोजी लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये उधमसिंग यांनी मायकेल ओड्वायर यांना गोळ्या घातल्या, तेही रिव्हॉल्व्हरनेच.

अशा वस्तूंची जपणूक कशी करावी, याचा एक बोलका दाखला देतो. ती वस्तू रिव्हॉल्व्हर नव्हे, पॉइंट बत्तीस मापाचे कोल्ट पिस्तूल आहे. पण धडा सगळ्यांना लागू आहे. १७ डिसेंबर १९२८ रोजी लाहोरला साँडर्सवध झाला. त्या प्रकरणातले भगतसिंगांचे पिस्तूल पुढे इंदूरला सीमा सुरक्षा दलाच्या शस्त्रशाळेत आले. गंजू नये म्हणून त्याला काळा रंग फासलेला होता. इतर हत्यारांच्या रांगेत ते वर्षानुवर्षे निनावी पडून राहिले. २०१६-१७ च्या सुमारास शोध सुरू झाला, रंग खरवडला, खालचा क्रमांक दिसला, आणि तो जुन्या कागदपत्रांतल्या क्रमांकाशी जुळला. तेव्हा कोठे ते पिस्तूल कोणाचे हे ठरले. कल्पना करा, रंग देणाऱ्याने आधी कानस फिरवून पृष्ठभाग 'स्वच्छ' केला असता तर? काळजी घेणाऱ्या हातानेच तो इतिहास कायमचा पुसला असता.

म्हणून जाणते लोक जीर्णोद्धार करताना पहिला नियम पाळतात : जे परत आणता येणार नाही ते काढू नका. रिव्हॉल्व्हरच्या पोलादावरचा निळसर काळा रंग हा वरून फासलेला रंग नसतो. पोलादाच्याच पृष्ठभागावर मुद्दाम आणलेला तो पातळ थर असतो. काचकागदाने तो जातो, अक्षरांच्या कडा बोथट होतात, कारखान्याची मुद्रा पुसट होते. नव्याने चकाकवलेल्या जुन्या हत्याराची किंमत वाढत नाही, उतरते; कारण त्याच्या अंगावरची साक्ष गेली. लाल, भुरभुरणारा गंज मात्र वाढत जातो, तो थांबवलाच पाहिजे. त्यासाठी हलके तेल, मऊ फडके आणि धीर पुरे. तपकिरी, घट्ट बसलेली जुनी छटा असेल तर तिला हात लावू नये.

बाकीची पथ्ये आपल्या घरच्या तलवारीला, कट्यारीलाही उपयोगी आहेत. उघड्या बोटांनी पाते धरू नका. घामातल्या मिठाने बोटांचे ठसे गंजून उमटतात. हत्यार कातडी म्यानात कायमचे ठेवू नका. कातडे कमावताना वापरलेली द्रव्ये आणि कातड्यात धरलेली ओल धातूला खातात. पितळेच्या मुठीला चिंच, राखुंडी लावू नका, नक्षी झिजते. स्क्रू निघत नसेल तर बळ करू नका, त्याची खाच फाटली की ती पुन्हा भरत नाही. कोकणातल्या पावसाळ्यात तर कोरडी जागा आणि मेणाचा पातळ हात, हे दोनच खरे रक्षक. आणि सगळ्यांत महत्त्वाचे : ही वस्तू कोणाची, कोठून आली, घरात कोणी काय सांगितले, हे कागदावर लिहून तारखेसह तिच्याजवळ ठेवा. सांगणारे माणूस गेले की उरते ते नुसते लोखंड.

आता कायद्याचे चार शब्द, कारण अज्ञानाने माणूस अडचणीत येतो. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे बंदूक, पिस्तूल, रिव्हॉल्व्हर यांना परवाना लागतो. जुन्या घडणीच्या किंवा मोडलेल्या हत्याराला सवलत आहे. पण ते दुरुस्त करूनही चालण्याजोगे नसेल तरच. म्हणजे आजोबांच्या पेटीत सापडलेले जुने रिव्हॉल्व्हर 'मोडकेच आहे' म्हणून ठेवून घेता येत नाही. ते गावच्या लोहाराकडून चालू करून घेणे तर सरळ गुन्हा आहे. दुरुस्ती करणाऱ्यालाही परवाना लागतो. असे काही सापडले तर ते उचलून, घोडा ओढून पाहू नका; आत काडतूस असू शकते. पोलीस ठाण्याला कळवा आणि त्यांच्या सल्ल्याने पुढे चला. २०१९ च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाला जास्तीत जास्त दोन बंदुका ठेवता येतात, वारशाने आलेल्याही त्यातच धरतात. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना १९७२ चा पुरावस्तू कायदा लागू होऊ शकतो. त्या परदेशी नेता येत नाहीत.

तेव्हा आपल्यासारख्याने रिव्हॉल्व्हरचा शौक करावा तो संग्रहालयात. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात, मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यात शस्त्रे पाहायला मिळतात. शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी मुलांना तेथे न्यावे, आणि 'यातले कोणते जास्त मारते?' हा प्रश्न मुलांनी विचारलाच तर त्यांना रागावू नये. मात्र त्यापुढे आणखी तीन प्रश्न विचारायला शिकवावे. हे कोणी घडवले? हे कोणाच्या हाती होते? आणि हे कोणावर रोखले गेले? पहिल्या प्रश्नात कारागिरी येते, दुसऱ्यात सत्ता येते, तिसऱ्यात माणूस येतो. यांतला एकही गळला तर शस्त्राचा इतिहास लंगडा पडतो. केवळ कारागिरी पाहणारा निर्दय होतो आणि केवळ रक्त पाहणारा कारागिराच्या हाताला विसरतो.

आणि ज्यांच्या घरी माळ्यावर एखादी जुनी तलवार, पट्टा किंवा भाल्याचे पाते आहे, त्यांना एक विनंती. येत्या दसऱ्याला त्याला हळदकुंकू लावा, पण काचकागद लावू नका. कोरड्या फडक्याने पुसा, तेलाचे बोट फिरवा, आणि घरातल्या वडीलधाऱ्या माणसाजवळ वही घेऊन बसा. ते बोलतील ते जसेच्या तसे उतरून घ्या. लोखंड आणखी शंभर वर्षे टिकेल; त्यांची आठवण तेवढी टिकणार नाही.